पाय ब्रेकवरच आहे असं मला वाटत होतं

डॉक्टरबाईंनी मला डोळे मिटायला सांगितलं. त्यांच्या हातात पेनासारखी एक दांडी होती आणि तिच्या टोकाला नायलॉनचा बारीक दोरा. मासे धरायच्या गळाला असतो तसा. तळपायाला टोचेन, जाणवलं की हो म्हणा, असं त्यांनी सांगितलं.

मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. डोक्यावर पंखा घरघरत होता. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. बराच वेळ काहीच होईना, तेव्हा मला वाटलं की बाईंना कुणी बोलावलं असेल आणि त्या तशाच थांबल्या असतील.

"उघडा डोळे. झालं," त्या म्हणाल्या.

"सुरू कधी केलं?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही पायांना मिळून वीस ठिकाणी टोचलं होतं. मी एकदाही हो म्हणालो नव्हतो. माझी बायको शालन शेजारी उभी राहून सगळं बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं तर तिनं नजर भिंतीवरच्या तक्त्याकडे वळवली.

मग बाईंनी माझा उजवा पाय उचलून खालून बघितला. त्यांनी माझा बूट मागितला, आत हात घातला आणि सांडशीनं एक स्क्रू ओढून काढला. बुटाच्या तळव्यातून आरपार आत आलेला. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी चिंचोक्याएवढी जखम झाली होती आणि मोज्याचे धागे तिला चिकटले होते. हा किती दिवसांपासून आहे, असं त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. आजही सांगता येणार नाही. त्या स्क्रूवर मी चाललो, जिना चढलो, आणि मला काही कळलं नाही.

"डायबेटिक न्यूरोपॅथी," बाई म्हणाल्या. म्हणजे रक्तातल्या साखरेनं पायाच्या नसा हळूहळू मरतात. आधी मुंग्या येतात, जळजळतं, मग एक दिवस काहीच वाटेनासं होतं आणि माणसाला वाटतं की बरं झालं, त्रास गेला. माझा त्रास असाच दोन वर्षांपूर्वी गेला होता आणि मी गोळ्या गुण देतात म्हणून खूश होतो.

हे सगळं कराडजवळच्या मलकापूरला एका दवाखान्यात झालं. पण तिथवर मी माझ्या पायानं गेलो नव्हतो. मला तिथं एका गाडीच्या मिस्त्रीनं पाठवलं होतं, आणि ते आधी सांगितलं पाहिजे.

मी सैन्यात चोवीस वर्षं ड्रायव्हर होतो. लडाखला बर्फातनं ट्रक काढलेत, अरुणाचलात दरीच्या कडेनं चालवलेत. हवालदार होऊन गावी आलो. आमचं गाव पाटणच्या वर, चढावर आहे. रस्ता घरापर्यंत येतो, पण एसटी खालच्या फाट्यावर थांबते आणि फाटा घरापासून दीड-दोन किलोमीटर. उतरताना काही वाटत नाही, चढताना गुडघे बोलतात. म्हणून मी एक जुनी पांढरी गाडी घेतली. आता माझं वय सदुसष्ट. चौदा वर्षं साखरेचा आजार. मुलगी वैशाली पुण्याला असते. घरात मी आणि शालन, दोघंच. दळण, बाजार, दवाखाना, लग्न, मयत, सगळं त्या गाडीवर.

गेल्या वर्षी गाडी बिघडायला लागली. निदान मला तसं वाटत होतं. ब्रेक मऊ लागायचा. दाबला तरी पायाखाली काही दाबल्यासारखं वाटायचं नाही. कधी क्लच कुठं धरतो तेच कळायचं नाही आणि गाडी बाजारपेठेत ठेचकाळून बंद पडायची. मागचे हॉर्न वाजवायचे. एक्सलेटर अडकतोय असाही मला संशय होता, कारण इंजिन मध्येच ओरडायचं.

मलकापूरला रज्जाकभाई म्हणून मिस्त्री आहेत. पन्नाशीचा माणूस, हात चांगला. मी त्यांच्याकडे तीन महिन्यांत चार वेळा गाडी नेली. पहिल्यांदा त्यांनी ब्रेकचं तेल बदललं. दुसऱ्यांदा पॅड बदलले. तिसऱ्यांदा सगळं उघडून परत बसवलं आणि म्हणाले की ब्रेक नव्या गाडीसारखा आहे. चौथ्यांदा त्यांनी गाडी पुलापर्यंत चालवून आणली आणि नुसतीच मान हलवली. मी त्यांना म्हणालो की तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. त्यांनी हात पुसून चावी परत दिली. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं होतं, हे मला नंतर आठवलं.

याच दिवसांतली आणखी एक गोष्ट. फाट्यावरून चालत आलो तर शालन दारातच म्हणाली, "आवं, एका पायातली चप्पल कुटं हाय?"

उजवी चप्पल नव्हती. वाटेत कुठं तरी निसटली होती आणि मी तसाच दगडांवरून वर आलो होतो. मी हसलो. म्हातारपण आलं म्हणालो. ती हसली नाही. ती चप्पल शोधायला खाली उतरली.

मग ती सकाळ आली. आटपाडीकडं शालनचं माहेर आहे. तिथं तिची थोरली बहीण सुंदराक्का एकटी राहते. पाण्याचा हंडा आणताना पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ऑपरेशन झालं होतं. शालन पंधरा दिवसांपासून जाऊ या म्हणत होती. मी म्हणत होतो, गाडी नीट झाली की जाऊ. शेवटी एका मंगळवारी निघायचं ठरलं.

आमचं अंगण अरुंद आहे, गाडी मागं घेऊन काढावी लागते. शालन नेहमी मागं उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणते. त्या दिवशीही ती उभी होती. तेवढ्यात तिचा फोन घरात वाजला. निघालो का म्हणून विचारायला आक्काचाच होता. शालन दोन पायऱ्या चढून आत गेली.

मी ब्रेकवर पाय दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी उडी मारल्यासारखी मागं गेली. मी आणखी जोरात दाबलं, ती आणखी जोरात गेली आणि पाण्याच्या सिमेंटच्या टाकीवर आदळली. टाकी फुटली. सगळं अंगण पाण्यानं भरलं. शालन दारात आली तेव्हा तिच्या हातात फोन होता आणि फोनमधनं आक्का हॅलो हॅलो करत होती. जिथं ती उभी राहते तिथं आता गाडीचं मागचं चाक होतं.

ब्रेक फेल झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. शेजाऱ्यांना, पारावरच्या माणसांना, वैशालीला फोनवर. रज्जाकभाईंना फोन करून तर मी तोंडाला येईल ते बोललो. माझी बायको मेली असती तुमच्या कामानं, असंही म्हणालो.

दुपारी ते स्वतः मोटारसायकलवरून चढ चढून आले. कुणाशी न बोलता गाडी सुरू केली, वर शाळेपर्यंत नेली, उतारावर पाच-सहा वेळा ब्रेक मारत खाली आणली. मग इंजिन बंद केलं आणि मला सीटवर बसायला सांगितलं. दार उघडं ठेवून ते माझ्या पायाशी उकिडवे बसले.

"समोर बघा. खाली बघू नका. आता ब्रेक दाबा."

मी दाबला. "हा दाबला," म्हणालो.

त्यांनी वाकून पेडलकडे बघितलं. मग सावकाश म्हणाले, "हवालदारसाब, पाय एक्सलेटरवर हाय."

मी खाली बघितलं. होता.

ते उठले आणि त्यांनी गुडघ्याची माती झटकली. त्यांच्या वडलांनाही साखर होती आणि त्यांचं असंच झालं होतं, असं त्यांनी सांगितलं. ते चुलीपाशी बसायचे आणि पाय भाजलेला वास आला तेव्हा घरच्यांना कळलं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. "गाडीत कायबी बिघाड न्हाई. मला पैल्यापास्नं वाटत हुतं, पर तुमाला बोलायची हिंमत झाली न्हाई. ही माझी चूक," ते म्हणाले. मलकापूरच्या त्या डॉक्टरबाईंचं नाव त्यांनी एका कागदावर लिहून दिलं. गाडीची चावी काढली आणि ती मला न देता शालनच्या हातात दिली.

मी तरीही आठ दिवस गेलो नाही. अपमान झाल्यासारखं वाटत होतं. चोवीस वर्षं ज्या पायांवर माझी भाकरी चालली, ते पाय खोटं बोलतात हे मला पटत नव्हतं. त्या आठ दिवसांतच कधी तरी तो स्क्रू बुटात शिरला असावा. हे मी मुद्दाम लिहितोय. आठ दिवस रुसून बसणारे माझ्यासारखे आणखी असतील.

दवाखान्यात त्याच दिवशी मला ठेवून घेतलं. आधी डॉप्लर झाला. म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्यांत रक्त नीट वाहतंय का हे आवाजावरून बघतात. रक्त बरं होतं. मग एक्स-रे, मग एमआरआय. बाईंनी फिल्म दिव्यावर धरून दाखवली. ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे जखमेतली लागण हाडापर्यंत पोचणं. अंगठ्याशेजारच्या बोटाचं हाड पोखरायला लागलं होतं.

बाईंनी स्पष्ट सांगितलं. "बोट ठेवलं तर पाय जाण्याचा धोका आहे. बोट काढू, पाय वाचवू."

एचबीएवनसी म्हणून रक्ताची एक तपासणी असते. गेल्या तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती ते तिच्यावरून कळतं, आदल्या दिवशी पथ्य करून तिला फसवता येत नाही. माझा आकडा बघून बाईंनी विचारलं, गोळ्या रोज घेता का. मी हो म्हणालो. शालन म्हणाली, न्हाई. तिथंच तो विषय संपला आणि इन्सुलिन सुरू झालं.

बोट काढलं. दुखलं नाही. हेच सगळ्यात भीतीदायक होतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस ड्रेसिंगला ओरडायचा आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

नवव्या दिवशी घरी सोडलं. लागण आटोक्यात आल्यावर बाईंनी पायाला कास्ट, म्हणजे प्लास्टर, घातलं, गुडघ्याखालून बोटांपर्यंत. ऑफलोडिंग म्हणतात त्याला. जखमेवर शरीराचा भार येऊ द्यायचा नाही, नाही तर ती भरत नाही. दर आठवड्याला कास्ट बदलायचं, आणि संडासाला जाण्यापुरतं सोडलं तर पाऊल टेकायचं नाही. किती दिवस, असं मी विचारलं. जखम सांगेल, त्या म्हणाल्या. आणि गाडी? त्यांनी मान हलवली. मेलेल्या नसा परत येत नाहीत. गाडी आता चालवायची नाही.

मग सुरू झालं ते खरं आजारपण. खिडकीशी लोखंडी खाट, खाटेवर मी, आणि खिडकीतून दिसणारी गाडी. मागचा भाग चेपलेला. तिच्या काचेवर शेवग्याचा पाला साचला. बॅटरी उतरली. टपावर कोंबड्या बसायला लागल्या. सकाळी डोळे उघडले की गाडी, दुपारी गाडी, संध्याकाळी गाडी. आम्ही दोघं एकमेकांसमोर अडकून पडलो होतो.

पहिले काही दिवस माणसं भेटायला आली. सगळे ब्रेक कसा फेल झाला ते विचारायचे आणि मी सांगायचो. मिस्त्री कसा निष्काळजी, हेही सांगायचो. शालन चहा ठेवून आत निघून जायची. नंतर माणसं यायची थांबली. खालून कुणाच्याही गाडीचा आवाज आला की मी गिअर ओळखायचो. दुसरा टाकला, आता पहिला टाकायला पाहिजे. पाय कास्टमध्ये आपोआप हलायचा.

शालन रोज फाट्यावर उतरायची. गोळ्या, दूध, भाजी, सिलिंडर आला तर त्याच्यासाठी माणूस बघायचा. तिचेही गुडघे दुखतात. ती वर आली की उंबऱ्यावर बसून आधी दम खायची. आठवड्यातून एकदा कास्ट बदलायला जीप ठरवायची तीही तिनंच. आणि मी खाटेवरून चिडायचो. उशीर का झाला, पेपर का आणला नाही, चहा गार का. माणूस अडकला की जवळ सापडेल त्याला चावतो.

सहाव्या आठवड्यात बाई म्हणाल्या, भरतेय, पण अजून तीन-चार आठवडे. त्या दिवशी घरी आल्यावर मी सुटलोच. मी म्हणालो, मला या खोलीत डांबून ठेवलंय, मी कैदी झालोय, तुला काय कळणार, तू मोकळी फिरतेस.

शालन भाजी निवडत होती. तिनं हात थांबवला नाही. आवाजही चढवला नाही.

"तुमाला दीड म्हैना झाला," ती म्हणाली. "मला चाळीस वर्सं झाली. गाडी तुमची. कवा जायाचं, किती थांबायचं, कवा उठायचं, समदं तुमी ठरवायचं. आक्का पडली तवा मी पंधरा दिस निस्तं विचारत हुते. एसटी हाय, मला एकटीला जाता येतंय, हे माज्याबी ध्येनात आलं न्हाई. इतकी सवय झालती."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आन त्या मिस्त्रीला दोष देऊ नगा आता. ऐकवत न्हाई मला."

मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. आमचं लग्न होऊन ती इकडं आली तेव्हा माझी नेमणूक पठाणकोटला होती. सुट्टीवर आलो की तिला माहेरी नेऊन सोडायचो आणि माझ्या सोयीनं परत आणायचो. मी ते प्रेम समजत होतो. ते प्रेम नव्हतं असंही नाही. पण त्यात तिला कधी विचारलेलं नव्हतं, हे मला त्या खाटेवर पडून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी वैशालीला फोन करून एक आठवडा रजा काढून ये म्हणालो. ती आली. शालननं दोन लुगडी पिशवीत भरली आणि ती एकटी निघाली. पाटणहून कराड, कराडहून विटा, विट्याहून आटपाडी. मी खिडकीतनं बघत होतो. वळणावर तिनं मागं वळून बघितलं नाही. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

ती दहा दिवस राहिली. वैशाली सात दिवसांनी पुण्याला गेली, उरलेले तीन दिवस मी एकटा होतो. पिठलं केलं, भात केला. दुसरा पाय रोज आरशावर धरून खालून बघायला शिकलो, कारण वाकून दिसत नाही. टाच, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. चोवीस वर्षं रोज सकाळी ट्रकखाली घुसून तपासणी केली होती. पायाखाली कधी बघितलं नव्हतं.

शालन आली ती उन्हानं काळवंडून आणि हसत. आक्का काठी घेऊन चालायला लागली होती.

कास्ट निघालं ते दहाव्या आठवड्यात. आत मऊ तळ असलेले वेगळे बूट मापानं करून मिळाले. पहिल्या दिवशी मी पारापर्यंत गेलो. सगळे बसले होते. मी बूट काढला, मोजा काढला आणि चार बोटांचा पाय कठड्यावर ठेवला. ब्रेक फेल झाला नव्हता, असं सांगितलं. पाय फेल झाला होता, आणि मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो.  मग माझ्यासोबत पेन्शनीत आलेला एकजण, जो तेव्हा अजून वडापची, म्हणजे सीट भरून नेणारी, जीप चालवायचा, हळूच म्हणाला की त्याचीही चप्पल दोनदा वाटेत राहिली होती. तो पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाईंकडे जाऊन आला. त्यानं जीप पुतण्याच्या ताब्यात दिली. माझ्याशी महिनाभर बोलला नाही. आता बोलतो.

तुमच्यापैकी कुणाला साखर असेल, तर एवढंच सांगतो. पाय दुखतोय म्हणून घाबरू नका, पाय दुखायचा थांबला तर घाबरा. चप्पल निसटलेली कळत नसेल, आंघोळीचं पाणी पायाला कढत लागत नसेल आणि हाताला लागत असेल, तर त्या दोऱ्याची तपासणी करून घ्या. पाच मिनिटांची आहे. आणि घरातलं माणूस, मिस्त्री, कुणीही काही सांगत असेल तर ऐका.

कास्ट निघाल्यावर दोन आठवड्यांनी मी आणि शालन एसटीनं मलकापूरला गेलो. बाईंना पाय दाखवला. मग रज्जाकभाईंकडे गेलो. ते गाडीखाली होते. माझा आवाज ऐकून बाहेर आले आणि त्यांनी आधी खाली, माझ्या बुटांकडे बघितलं. मी पुढं झालो. एवढंच म्हणालो, "माझं चुकलं."

"पाय हाय न्हवं," ते म्हणाले. "बसा, चा सांगतो."

गाडी त्यांनीच विकून दिली. मी शेवटचं तिच्यात बसायला गेलो नाही.

परत येताना आम्ही कराडच्या स्टँडवर उतरलो. पाटणची गाडी लागलेली होती. मी तिकडं वळलो तर शालन थांबली. शेजारच्या फलाटावर विट्याची गाडी उभी होती.

"आक्का तुमची लय वाट बघती," ती म्हणाली. "चला."

मी म्हणालो, कपडे नाहीत, गोळ्या नाहीत, इन्सुलिन नाही. तिनं पिशवी उघडून दाखवली. सगळं होतं. माझा जादा मोजाही होता.

ती आधी चढली आणि तिनं खिडकीची जागा धरली. मी तिच्या शेजारी बसलो. कंडक्टर आला तेव्हा पैसे तिनं काढले आणि कुठं जायचं तेही तिनंच सांगितलं. किती दिवस राहायचं, ते मी विचारलं नाही.